लहान मुलांची रांग

६ मार्च

ही वही मापांची आहे. चौकटी, खिडक्या, कपाटं यांखेरीज मी हिच्यात काही लिहीत नाही. पण आज पाळक दुकानात येऊन जी मापं सांगून गेले ती नुसत्या आकड्यांत लिहून भागेना.

लांबी दोन फूट, रुंदी एक, उंची एक. झाकण स्क्रूचं. नग बेचाळीस. माणसाचं मांडीचं हाड सगळ्यांत लांब, ते दोन फुटांत आरामात बसतं, असं पाळक म्हणाले. तरुण माणूस आहे. सांगताना कान लाल झाले होते त्यांचे.

दफनभूमीच्या खालच्या अंगाला रस्ता रुंद होणार आहे. कुंपण वीस फूट आत येणार, म्हणून खालच्या दोन रांगा उघडून पाण्याच्या टाकीमागच्या नव्या जागेत हलवायच्या. ईस्टरची पहाटेची उपासना तिथेच घ्यायची, सगळ्या पेट्या एकत्र मांडून. पाळकांना ही कल्पना फार आवडलेली दिसली. "पुनरुत्थानाच्याच दिवशी, काका," म्हणाले. मी म्हटलं, "प्लायवूड बारा मिलिमीटरचं घ्यावं लागेल."

मग जरा घुटमळले. "त्यांत लहान मुलांची एक रांग आहे. एकोणीस आहेत. त्यांच्या पेट्या अर्ध्या मापाच्या केल्या तरी चालतील."

लिहून घेतलं. लांबी एक फूट. नग एकोणीस.

त्यांना माहीत नाही. त्यांना या मंडळीत येऊन दोन वर्षं झालीत, आणि मी तर अठ्ठावीस वर्षांत चर्चची पायरी चढलेलो नाही. त्या एकोणिसांतली एक आमची आहे.

७ मार्च

बायकोला सांगितलं. तिला रविवारीच कळलं होतं, उपासनेनंतर जाहीर झालं म्हणे. मला त्रास होईल म्हणून दोन दिवस बोलली नाही. मीही काल रात्री जेवताना बोललो नव्हतो, तिला त्रास होईल म्हणून. दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलत होतो.

"पेट्या तुम्हीच करणार ना?" म्हणाली.

"हो."

"मग आपली चांगली करा."

थोड्या वेळानं म्हणाली, "जागा बदलली तर शेवटच्या दिवशी अडचण नाही ना व्हायची?"

ती थट्टा करत नव्हती. तिचा विश्वास असा आहे की मेलेले त्या दिवशी जिथे ठेवले तिथूनच उठतील, शरीरासकट. मुलीच्या शेजारची जागा तिनं त्याचसाठी आमच्या दोघांच्या नावानं धरून ठेवली आहे. कमिटीचा कागद कपाटात साड्यांखाली आहे. उठल्यावर पहिली तीच दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, "पत्ता बदलल्याचा अर्ज कमिटी वर पाठवेल की."

हसली. "तुम्ही नका लिहू तो. तुमचं अक्षर लागत नाही कुणाला."

मुलगी सतरा दिवस जगली. पुरताना तेव्हाचे पाळक म्हणाले होते की देवाला आपल्या बागेसाठी एक कळी हवी होती. त्या दिवसापासून मी जात नाही. राग धरून बसलोय असंही नाही. एखाद्या शिंप्यानं आपलं माप चुकीचं घेतलं तर आपण भांडत नाही, नुसतं परत जात नाही. तसं.

ती मात्र एक रविवार चुकली नाही. गायनमंडळात गाते, आणि उपासना संपली की खालच्या रांगेत, मुलीच्या कबरीजवळ एक झाड आहे, त्याखाली जाऊन बसते. अर्धा तास. मग घरी येऊन स्वयंपाकाला लागते आणि दिवसभर बरी असते. तिथे काय करतेस, असं मी एकदाच विचारलं होतं. "घरचं सांगते तिला," म्हणाली.

१५ मार्च

तीस पेट्या झाल्या. प्लायवूड निघतं आहे वाईट, कडा फुटतात. बायको दुपारी दुकानात येऊन ब्रशनं नंबर घालते. तिचं अक्षर सुरेख. लहान पेट्यांचे नंबर घालताना तिनं विचारलं, आपली कुठली? मी म्हटलं, आपली अजून केली नाही, तिला दुसरं लाकूड काढून ठेवलंय.

मुलीची शवपेटीही तेव्हा मीच केली होती. एका जुन्या जेवणाच्या टेबलाची फळी होती, वीस वर्षं मुरलेली. एकही खिळा लावला नव्हता. खाचेत खाच बसवून, सरस घालून, आतून रंधा मारून अशी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. सबंध दिवस लागला. सासरेबुवा म्हणाले होते, मातीत घालायच्या वस्तूवर एवढी मेहनत कशाला. मला वाटलं होतं, निदान ती टिकेल.

२२ मार्च

खोदकाम सुरू झालं. काम करणाऱ्याला सगळे लंबू म्हणतात. कामाचा माणूस आहे, आणि तोंड उघडतो ते जेवायलाच. आधी मोठ्यांची रांग घेतली आहे.

संध्याकाळी शेजारचे मास्तर आले. त्यांच्या बायकोला जाऊन बावीस वर्षं झाली. तिला आज काढलं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, बोलणं अजूनही पायरी पायरीनं असतं. खुर्चीत नीट बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, "सगळं होतं. एकूण एक. केसांत तिचा कंगवा होता, तोसुद्धा."

बायको दारात उभी होती. "कंगवासुद्धा?"

"जसाच्या तसा. एक दात तुटलेला होता, तो आधीपासूनच तुटका होता."

मास्तर रडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा कुणीतरी फडक्यानं पुसल्यासारखा दिसत होता. ते गेल्यावर बायकोनं कपाटातून एक मऊ पांढरं कापड काढलं आणि त्याच्या कडा शिवायला बसली. मी विचारलं कशाला. म्हणाली, "तिला लाकडावर नुसतं कसं ठेवायचं?"

गुणगुणत होती.

२९ मार्च

आज लहान मुलांची रांग होती. तिला यायचं होतं. मी म्हटलं, नको, तिथे सगळी कामाची घाई असते, मी नीट आणतो. तिनं कापड घडी करून माझ्या पिशवीत ठेवलं. वर म्हणाली, "हात धुवून घ्या आधी."

सकाळी आठला पोचलो. झाडाला नवी पालवी आली आहे. इतकी कोवळी की ऊन पानांतून आरपार येत होतं. खाली खड्डे. लंबूच्या नऊ उघडून झाल्या होत्या आणि तो कडेला बसून सिगारेट ओढत होता. मला पाहून विझवली.

"काका, तुमची कुठली?"

दाखवली. दगडावर नाव नाही, फक्त तारखा. दोन तारखांत सतरा दिवसांचं अंतर.

तो खणत गेला. मोठी कुदळ ठेवून लहान घेतली, मग ती ठेवून हातानं माती काढायला लागला. कमरेइतकं खोल गेल्यावर थांबला. मातीचा रंग एका जागी काळपट झाला होता, साधारण माझ्या हाताएवढ्या लांबीचा पट्टा. त्याच्या बरोब्बर मधून झाडाचं एक मूळ गेलं होतं, मनगटाएवढं जाड.

"खण अजून," मी म्हटलं.

"काका, खाली घट्ट जमीन लागली."

"मग चाळ."

चाळणीवर तीन घमेली माती चाळली. मी स्वतः बोटांनी चाळली. खडे निघाले, मुळ्या निघाल्या. दुसरं काही नाही. हाड नाही, दात तर आलेच नव्हते. लाकडाचा भुगासुद्धा नाही. त्या शवपेटीच्या कामात मी इतका काटेकोर राहिलो होतो, एकही खिळा नको म्हणून. एक खिळा ठोकला असता तर आज तो तरी सापडला असता.

लंबू म्हणाला, "मोठ्यांचं राहतं. लहानांचं नाही राहत. हाडं कच्ची असतात. सकाळपासून नऊ काढल्या, नऊंत हेच. आम्ही तिथली थोडी माती भरतो आणि चिठ्ठीवर तसं लिहितो. माती म्हणून." मग वर बघून म्हणाला, "आणि तुमच्यात तर ह्यानं मूळ घातलंय. सगळं ह्यानं घेतलं."

मीही वर पाहिलं. वारा नव्हता. पानं चमकत होती.

ती अठ्ठावीस वर्षं या झाडाखाली बसून घरचं सांगत आली.

मी पिशवीतून कापड काढलं. नंतर जे केलं ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणाला सांगायचं नाही. मुळाचे बोटाएवढे पाच-सहा तुकडे कापले. साल काढून चाकूनं खरवडले, मातीत लोळवले, कापडात गुंडाळले आणि पेटीत मातीवर ठेवले. नुसती माती असती तर पेटी उचलल्यावर तिला कळलं असतं. माती सरकते, तिचा आवाज वेगळा असतो. आत काहीतरी आहे असं हाताला लागायला हवं होतं.

लंबू पाहत होता. म्हणाला, "चिठ्ठीवर काय लिहू?"

"काही लिहू नकोस."

"माझ्या तोंडातून जायचं नाही, काका."

झाकण लावलं, आठ स्क्रू. आमच्या पेटीला मी चांगलं लाकूड वापरलंय आणि पितळी स्क्रू. हात धुतले.

३० मार्च

सगळ्या पेट्या चर्चच्या मागच्या खोलीत ठेवायच्या आहेत, पण बायकोनं पाळकांना विचारून आमची घरी आणवली. नियम कुठे लिहिलेला नाही म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही.

काल पेटी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं ती तोलली नाही की हलवली नाही. तान्हं मूल घ्यावं तशी, एक हात खाली घालून घेतली. विचारलं, "होतं?"

"होतं."

"सगळं?"

"इतक्या लहान जिवाचं सगळं कुठून असणार. पण होतं."

तिनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, म्हणजे प्रार्थना करत होती. आभार मानत होती. मी मोरीत गेलो आणि पुन्हा हात धुतले.

२ एप्रिल, रविवार

पेटी खिडकीजवळच्या कपाटावर ठेवली आहे. खाली तिनं विणलेला रुमाल, शेजारी तिचं पवित्र शास्त्राचं पुस्तक. आज चर्चमधून थेट घरी आली. आता झाडाखाली बसायचं कारण नाही, मुलगी घरात आहे. खिडकीशी खुर्ची घेऊन बसली आणि भाजी निवडत सावकाश बोलत होती. मी आतल्या खोलीतून ऐकलं. पाळकबाईंना डोहाळे लागलेत, मास्तरांचा गुडघा दुखतो, बाबांनी तुझ्यासाठी पितळेचे स्क्रू आणले.

इतकं हलकं मी तिला लग्नाच्या आधीही पाहिलं नव्हतं. ईस्टरला नेसायची साडी काढून ठेवली. गायनमंडळात तिला यंदा दोन ओळी एकटीनं म्हणायच्या आहेत, त्या दिवसभर घोकत होती.

माझा विश्वास नाही म्हणून मला खोटं सोपं गेलं का, हे मला कळत नाही. विश्वास असता तर कदाचित म्हटलं असतं की देवाला हाडांची गरज नाही, मातीतूनही तो उठवेल. हे तिला पाळक सांगू शकले असते. माझ्या तोंडी ते शोभलं नसतं. म्हणून मी तुकडे कापले. आज तिच्याकडे पाहून वाटलं, ठीक केलं.

६ एप्रिल

गायनाच्या सरावावरून उशिरा आली. चप्पल काढताना म्हणाली, "आमच्यातली ती नर्स आहे ना, तिचा धाकटा भाऊ त्याच रांगेत होता. आठ महिन्यांचा. त्याचं काही मिळालं नाही."

"अच्छा."

"तिनं त्या खणणाऱ्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, लहानांचं काही राहतच नाही."

मी ताटं घेत होतो. "एखाद्याचं राहतं, एखाद्याचं नाही. जमीन सगळीकडे सारखी नसते."

"आपल्या बाळाचं होतं ना?"

"सांगितलं की तुला."

"काय होतं?"

मी पटकन बोललो. वाट पाहिली असती तर सुचलं नसतं. "लहान लहान हाडं. बोटाएवढी. पाच-सहा. तुझ्या कापडात गुंडाळलीत."

तिनं मान हलवली. "तुम्ही स्वतः गुंडाळलंत?"

"स्वतः."

"हात धुवून?"

"हो."

मग जेवलो. जेवताना तिनं नर्सबद्दल आणखी एक सांगितलं, की ती रडली नाही, घरी जाऊन आईला फोन करते म्हणाली. मला त्या नर्सचं वाईट वाटलं. तिला कुणीतरी सांभाळून सांगायला हवं होतं.

८ एप्रिल

काल दिवसभर मी बाहेरगावी होतो, एका दवाखान्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला. आज सकाळी पेटीवरची धूळ पुसताना एक गोष्ट दिसली. मी स्क्रू नेहमी असे आवळतो की सगळ्यांच्या खाचा एका दिशेनं उभ्या राहाव्यात. वस्ताद शिकवून गेलेत, सवय मोडत नाही. पेटीचे आठांतले तीन स्क्रू तिरके होते. लाकूड या दिवसांत हलतं, ऊन वाढतं आहे. किंवा त्या दिवशी माझाच हात धड नव्हता, तेही असेल. पेचकस आणून सरळ केले. पेचकसही स्वयंपाकघराच्या खणात सापडला. वय झालं, कुठली वस्तू कुठे ठेवतो पत्ता लागत नाही.

बायको अजून झोपली होती. आठ वाजून गेले तरी. सरावाची दगदग होते आहे तिला.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चला जाऊन लवकर आली. दरवर्षी झावळीचा छोटा क्रूस करून दारावर लावते, तो लावला नाही. विचारलं तर म्हणाली, वाटेत कुणा मुलाला देऊन टाकली झावळी.

खिडकीतली खुर्ची तिनं जेवणाच्या टेबलाशी परत आणली आहे. "तिथे ऊन लागतं," म्हणाली.

आता ती पेटीशी बोलत नाही. मला वाटतं मन भरलं असावं तिचं. अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं होतं, आठवडाभरात सांगून झालं. माणूस शांत होतो तेव्हा असाच होत असेल.

११ एप्रिल

रस्त्यावाल्यांनी झाड तोडलं. मी मुद्दाम गेलो नव्हतो, वाटेतच होतं. कंत्राटदार मला ओळखतो. म्हणाला, "मिस्त्री, लाकूड बघा, सरळ आहे, कपाटाला होईल. घेऊन जा." मी जवळ गेलो. कापलेल्या बुंध्यातून पाणी येत होतं, ताज्या जखमेतून यावं तसं, आणि वास गोड होता. फांद्या पडल्या होत्या तरी पानं टवटवीत होती, त्यांना अजून बातमी लागली नव्हती. मी म्हटलं, नको, ओलं आहे.

घरी आलो तर पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. माझे शर्ट. खालचा विणलेला रुमाल धुवून वाळत घातला होता. आधी जरा चमकलो. मग वाटलं, बरंच आहे, भीड मोडली. घरातल्या माणसाची कुठे कुणी इतकी भीड ठेवतं.

पाळकांचा निरोप आला होता की नव्या जागेत शेजारच्या दोन जागा आमच्यासाठी राखायच्या का, कागद बदलून द्यावा लागेल. तिला विचारलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"नको," म्हणाली.

"नको म्हणजे? तुलाच हवी होती शेजारी."

"कुठेही ठेवा मला. कुठेही चालेल."

एकेकाळी या कागदासाठी तिनं कमिटीच्या सेक्रेटरीला तीन महिने भंडावून सोडलं होतं. मी पाळकांना कळवलं की नंतर बघू.

१४ एप्रिल, शुभ शुक्रवार

दुपारी तीन तासांची उपासना असते. ती लग्नापासून कधी चुकलेली नाही. तापात गेली, गर्भार असताना गेली, आणि बाळ गेलं त्या वर्षीही गेली, तेव्हा कुणी तिच्याशी बोलायला धजलं नव्हतं. आज बारा वाजले तरी घरच्याच साडीत. मी घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

"जायचं नाही?"

"घसा बसलाय."

घसा चांगला होता. गायनमंडळातून फोन आला तेव्हा चांगलं खणखणीत बोलली. म्हणाली, "रविवारी माझ्या ओळी दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही, बरी आहे. नाही येत. पुढचं पुढे बघू." फोन ठेवला आणि माझ्या कोटाचं अस्तर उसवलं होतं ते घेऊन बसली. तीन वाजता चर्चची घंटा झाली, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिनं दोरा दातानं तोडला.

मी चर्चला जायला निघालो असतो तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदा वाटलं. निदान घरातलं कुणीतरी गेलं असतं.

१५ एप्रिल

पेट्या आज पोचवायच्या होत्या. "तुम्हीच घेऊन जा," म्हणाली, "माझं धुणं पडलंय." मी पेटी उचलली. दारापर्यंत आली नाही. मी जिन्यात थोडा थांबलो, वरून काही हाक येते का म्हणून. नळाचा आवाज येत होता.

टाकीमागे चर खणला आहे, त्यात पेट्या ओळीनं मांडल्या आहेत. लहान एका बाजूला. आमची तेवढी चांगल्या लाकडाची, ती डोळ्यांत भरते. लंबू म्हणाला, "बाई नाही आल्या?" मी म्हटलं, "त्यांचा घसा बसलाय."

१६ एप्रिल, ईस्टर

पहाटे तिला हलवलं. उठून बसली, केस बांधले, मग म्हणाली, "डोकं दुखतंय. तुम्ही जा. प्रत्येक घरातलं कुणीतरी पाहिजे ना तिथे."

"मी?"

"पेटी तुम्ही केलीत. तुम्हीच जा."

तिनं माझा कोट काढून दिला. मी गेलो.

मला पाहून लोकांनी फार काही दाखवलं नाही. मास्तर नुसते थोडे सरकले आणि शेजारी जागा केली. उजाडत होतं. टाकीच्या भिंतीवर पाखरांचा कलकलाट चालला होता. जिथे झाड होतं तिथून आता सरळ रस्ता दिसतो, त्यावरून एक दुधाची गाडी गेली. गायनमंडळ चराच्या पलीकडे उभं होतं. तिच्या दोन ओळी त्या नर्सनं म्हटल्या. चांगल्या म्हटल्या.

पाळकांनी शास्त्रपाठ वाचला. बायका पहाटे कबरीकडे जातात, प्रेताला लावायचं सुगंधी तेल घेऊन. दगड बाजूला सारलेला असतो. आत शरीर नसतं. मी हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण आज पहिल्यांदा त्या बायकांच्या जागी उभा राहून ऐकलं. तयारी करून जायचं, हातात कापड-तेल घेऊन, आणि वाकून पाहिलं तर काहीच नाही. मला ते ठाऊक आहे. पुढे सगळे आनंदानं गायला लागले, तेव्हा मी चरातल्या आमच्या पेटीकडे पाहत होतो. मास्तर भसाड्या आवाजात गात होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. त्यांच्या बायकोचं सगळं होतं, कंगव्यासकट. तिला उठवण्याजोगं काहीतरी देवाच्या हातात आहे.

प्रत्येकानं मूठभर माती टाकायची होती. मी टाकली. पेटीच्या झाकणावर पडलेल्या मातीचा आवाज मला पुरे झाला.

पाळक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, आलात, फार बरं वाटलं. काकूंना सांगा, त्यांची प्रार्थना पुरी झाली." अठ्ठावीस वर्षं ती माझ्यासाठी हे मागत होती म्हणे, मी परत यावं म्हणून. दर आठवड्याला. मला माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती टेबलाशी बटाटे सोलत होती. मी पाळकांचा निरोप सांगितला. "हो का," म्हणाली.

"गायन छान झालं."

"कुणी म्हटल्या माझ्या ओळी?"

"नर्सनं."

"तिचा आवाज चांगला आहे." मग सालं एका बाजूला सारत, "पाठ कुठला होता?"

"दरवर्षीचाच असेल. बायका कबरीवर जातात तो. आत बघतात तर काही नाही."

"मग?"

तिला सगळं पाठ आहे. तरी विचारलं म्हणून मी सांगितलं. "मग तिथे एक जण पांढऱ्या कपड्यांत बसलेला असतो. तो सांगतो, की नाहीये इथे."

तिनं हातातला बटाटा सोलून संपवला, पाण्यात टाकला.

"बरं झालं त्यांचं," म्हणाली. "त्यांना तिथल्या तिथे कुणीतरी खरं सांगितलं."

मी अजून बूटही काढले नव्हते. तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

"अगं," मी म्हटलं.

"हं?"

"काही नाही."

"कोट काढून ठेवा. चुरगळेल."

जेवलो. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी इथे टेबलाशी हे लिहीत बसलोय. खिडकीजवळचं कपाट रिकामं आहे. तिचं पुस्तकही तिथे नाही, कुठे ठेवलं विचारायला हवं. ती उठली की सांगायचं असं ठरवलं आहे: तिथे काहीच नव्हतं, मला तुझ्यासमोर रिकाम्या हातानं यायचं धैर्य झालं नाही. वाक्य तयार आहे. दोनदा मनात म्हणून पाहिलं.

आत्ता उठली. दारात उभी राहून विचारते आहे, चहा टाकू का. टाक म्हटलं.